मदत हवी आहे: आईला पुन्हा माणसांत कसं आणू?

मंडळी, बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. फोनवर 'मी बरी आहे' म्हणते. पण परवा गेले तर भर दुपारी पडदे ओढलेले, आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. झोप नाही, रक्तदाब वाढलेला. गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही असं मला ठाम वाटतं.

१९८४ साली रॉजर उलरिच यांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. म्हणून तिची खुर्ची खिडकीशी हलवली. पण माणसं कुठून आणू? ज्येष्ठांच्या गटाचं नाव काढलं की 'तिथे माझं कोण आहे?' म्हणते. कुणी आईवडिलांना, मन न दुखवता, यातून बाहेर काढलंय का? सुरुवात कशी केलीत?