काल्पनिक नकाशातल्या नदीने उतार पाळायलाच हवा का?

समोच्चरेषा

काल्पनिक प्रदेशांचे नकाशे काढणाऱ्यांत एक वाद वर्षानुवर्षं धुमसतोय. कुणी हौसेने नवा नकाशा दाखवला, की पहिल्या चार प्रतिक्रियांत एक ठरलेली असते: "नदी मधेच दुभंगली आहे, असं होत नसतं." पुष्कळांना हा जाच वाटतो. आपण सध्या एक सामायिक नकाशा करतोय. खंड एकच, त्यातला एकेक प्रदेश प्रत्येकाच्या वाट्याला. त्यासाठी हा नियम लेखी असावा असं मी सुचवलं आणि बरेच जण नाराज झाले. म्हणून माझी बाजू इथे नीट मांडतो.

पाणी उताराकडे जातं, एवढंच माझं मागणं आहे. बाकीचं त्यातून आपोआप निघतं. ओढे येऊन नदीला मिळतात, नदी फुटून ओढे होत नाहीत. दोन वाटा फुटल्या तरी त्यातली एक थोडी का होईना खोल असते, ती हळूहळू सगळं पाणी ओढून घेते आणि दुसरी गाळाने बुजते. तळ्याचंही तेच. काठ जिथे सगळ्यात खाली, तिथून पाणी बाहेर पडतं आणि तीच जागा झिजत जाते. बाहेर पडायला वाटच नसेल तर लोणारसारखं खारं तळं होतं. समुद्राजवळ नदी फुटते हे खरं, पण तिथे उतारच संपलेला असतो. धवळेश्वरमच्या खाली गोदावरीच्या गौतमी आणि वसिष्ठा होतात, त्या म्हणूनच.

एकट्याच्या वहीत नदी डोंगरावर चढवली तरी माझी हरकत नाही. सामायिक नकाशात मात्र माझी नदी तुमच्या हद्दीत येते. ओपनजिओफिक्शन हा प्रकल्प काहींनी पाहिला असेल. जगभरची माणसं तिथे ओपनस्ट्रीटमॅपचीच साधनं वापरून एकच काल्पनिक जग रेखाटतात, प्रत्येकाचा देश वेगळा. तिथे जादू नाही, जग आजच्यासारखं. म्हणूनच एकाचा रेल्वेमार्ग दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना अडत नाही. बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेचं पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट). एवढं मोठं भांडण भांडता आलं, कारण नदी कुठून कुठे जाते यावर तिघांचं एकमत होतं. आपल्या खंडातही अशीच भांडणं, तह, धरणं व्हावीत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पाण्याबद्दल एकमत हवं.

शाईदौत

समोच्चरेषा, मुद्दा कळला, पण पटला नाही.

नकाशा म्हणजे जमिनीचा फोटो, हे तुम्ही धरूनच चालला आहात. आपल्याकडे नकाशा असा कधी नव्हताच. जैनांचे अढाईद्वीपाचे, म्हणजे माणसं राहतात त्या अडीच द्वीपांचे, कापडी पट पाहा, पंधराव्या शतकापासूनचे मिळतात. मधोमध मेरू, भोवती गोल जंबूद्वीप, त्याभोवती माशांनी भरलेला खारा समुद्र, मग पुढचं द्वीप, पुन्हा समुद्र. जंबूद्वीपात पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सहा पर्वत आणि प्रत्येकावर एक सरोवर. हिमवान पर्वतावरच्या पद्म सरोवरातून नद्या निघतात तीन: पूर्वेला गंगा, पश्चिमेला सिंधू, उत्तरेला रोहितांशा. एका तळ्याला तीन वाटा! तुमच्या नियमाप्रमाणे हा पट बाद. आणि माझ्या मते माणसाने काढलेल्या सगळ्यात देखण्या नकाशांपैकी हा एक आहे.

लांब जायलाच नको. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात एकाच गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. सावित्री कोकणात उतरते, बाकीच्या देशावर येतात. भूगोलाच्या पुस्तकात हे असं नसेल. पण भाविकाच्या मनातला नकाशा असाच आहे आणि त्याने शतकानुशतकं माणसांना वाट दाखवली आहे. मराठेशाहीतले हाताने काढलेले नकाशेही बघा: मोडी अक्षर, प्रमाण कुठेच नाही, किल्ला समोर उभं राहिल्यावर दिसतो तसा उभा काढलेला. ते काढणाऱ्यांना डोंगर कळत नव्हते असं कोण म्हणेल?

आणि नियमावर फार विसंबलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. जेम्स रेनेल या इंग्रज नकाशाकाराने १७९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात 'कोंग'ची डोंगररांग काढली. नायजर नदी समुद्राकडे न जाता आत वळते याचा अर्थ लावायचा होता, म्हणून तिथे डोंगर असलेच पाहिजेत असं त्याने धरलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ते डोंगर एकामागून एक नकाशांत छापले गेले. मग बिंगर नावाचा फ्रेंच अधिकारी तिथून चालत गेला, तर तिथे डोंगरच नव्हते.

घाटमाथा

मी समोच्चरेषांच्या बाजूचा, पण 'असं होत नसतं' हे वाक्य मलाही खटकतं. होतं कधीकधी.

कराडचा प्रीतिसंगम कुणी काल्पनिक नकाशात काढला असता तर आपण काय म्हटलं असतं? कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून, दोघी समोरासमोर धडकतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघून जातात. नव्या माणसाने असं काढलं तर शंभरातले नव्वद जण त्याला दुरुस्ती सुचवतील. कोयनेचा पुढचा चमत्कार माणसाने केलेला: तिचं धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवलं, पोफळीला वीज केली आणि वाशिष्ठीला सोडलं. म्हणजे एकाच जलाशयाचं पाणी दोन समुद्रांना जातं. दक्षिण अमेरिकेत कासिक्यारे नदी तर ओरिनोकोतून फुटून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाते, तीही आपोआप. जर्मन संशोधक हंबोल्ट १८०० साली तिच्यातून होडीने गेला होता.

माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक अपवादामागे कारण आहे. कृष्णा उगमापाशी अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे, तरी ती चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का, तर सह्याद्रीची पश्चिमेची बाजू कड्यासारखी तुटलेली आणि पठार पूर्वेला कललेलं. पाऊसही तसाच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि पूर्वेला ऐंशी किलोमीटरवर फलटणला पाचशेच्या आसपास. हे कळलं की घाटवाटा कुठे असतील, बाजारपेठ कुठे उभी राहील, दुष्काळात कोण कुठे जाईल, सगळं सुचत जातं. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण आहे तो कल्याण-सोपाऱ्याची बंदरं खाली आणि जुन्नर वर, म्हणून. रांजण नुसताच काढला तर शोभेची वस्तू. वाट काढली की त्यात नाणी पडायला लागतात.

पिक्सेलवाडी

मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय.

नद्या बरोबर असणं हीच कसोटी असेल तर यंत्र आपल्या सगळ्यांना हरवतं. अझगारचं फँटसी मॅप जनरेटर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. ते नकाशा हजारो बहुभुजांत पाडतं, प्रत्येकाला उंची देतं, वाऱ्याप्रमाणे पाऊस पाडतं आणि पाणी शेजारच्या सगळ्यात खालच्या तुकड्यात ढकलत नेतं. चार सेकंदांत शेकडो नद्या, एकही वर चढत नाही. वर राज्यं, गावं, रस्तेही टाकून देतं. मग आपण पेनाने कशासाठी बसायचं? मी स्वतः आधी त्यातून साचा काढतो आणि वंडरड्राफ्ट या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सजवतो. त्यात कमीपणा काय आहे ते मला खरंच कळत नाही.

समोच्चरेषा

पिक्सेलवाडी, कमीपणा काहीच नाही. साचा जरूर घ्या. पण तुमच्या मागच्या नकाशात राजधानी नदीपासून दोन दिवसांच्या वाटेवर, उघड्या माळावर आहे. यंत्राने ठेवली तिथे तुम्ही राहू दिलीत. लोक पाणी कुठून आणतात असं मी विचारलं होतं, तुम्हाला सांगता आलं नव्हतं. हाताने काढणारा आधी कणारेषा, म्हणजे डोंगरमाथ्याची रेषा, काढतो, मग प्रत्येक खिंडीतून निळी पेन्सिल खाली आणतो, दोन ओढे मिळतात तिथे इंग्रजी व्हीचं टोक प्रवाहाच्या दिशेला ठेवतो. हे करताना तो त्या प्रदेशात चाललेला असतो. अशा माणसाला राजधानीचं पाणी माहीत असतं.

शाईदौत, अढाईद्वीपाबद्दल. तो पट मला आवडतो, आणि तो नियमानेच बांधलेला आहे असं मला वाटतं. सहा पर्वत, सहा सरोवरं, डावी-उजवी बाजू सारखी, लांबी-रुंदी 'योजन' या जुन्या मापात ठरलेली. कुठल्या चित्रकाराने मनाला येईल तिथे सातवा पर्वत घातलाय का? त्या जगाचा नियम उताराचा नाही, समतोलाचा आहे, पण नियम आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. कोंगच्या डोंगरांचं म्हणाल तर रेनेल खऱ्या जमिनीबद्दल न बघता बोलत होता, चूक ती होती. आपल्या खंडात जाऊन बघून येणारा बिंगर कुणी नाही. आपल्याकडे फक्त एकमेकांचा शब्द आहे.

शाईदौत

समतोलाचा नियम हे छान सांगितलंत. मग आपल्या खंडाचा नियम उताराचाच का, हे तुम्ही एकट्याने का ठरवलंत?

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे, तोही सांगते. माझी भाची आठवीत आहे. तिने एका समूहात तिचा पहिला नकाशा टाकला होता. ए-थ्री कागद, किनाऱ्याला बारीक निळ्या लाटांच्या तीन-तीन रेषा, प्रत्येक डोंगराला उजवीकडे सावली, गावांची नावं मोत्यासारख्या अक्षरात, वळणाबरोबर वळवलेली. एका टेकडीच्या भोवती नदी फिरवली होती, समुद्रातून निघून पुन्हा समुद्राला मिळणारी. आलेल्या प्रतिक्रिया सगळ्या त्या नदीवर. लाटांवर एक नाही, अक्षरांवर एक नाही. तिने त्यानंतर काही टाकलेलं नाही. ती अजून काढते, पण वही कपाटात ठेवते. तुमचा नियम लेखी झाला की अशा मुलांना हाकलायला आणखी एक काठी मिळेल, याची मला भीती वाटते.

घाटमाथा

हे वाचून फार वाईट वाटलं. आणि तो नकाशा चुकलेलाच नाही!

उल्हास नदी ठाण्याच्या वरच्या अंगाला येते आणि फुटते. मोठा फाटा वसईच्या खाडीने पश्चिमेला जातो, धाकटा ठाण्याच्या खाडीने दक्षिणेला. दोन्हीकडे भरती-ओहोटीचं पाणी, मधे साष्टी बेट. भाचीने काढली ती नदी म्हणजे खाडी आणि टेकडी म्हणजे बेट. तिला एवढंच सांगायला हवं होतं, की बाई, इथे दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं, तुझ्या गडावर होडी कधी पोचणार ते भरतीवर ठरेल. पोरीने त्या रात्रीच भरतीचं वेळापत्रक केलं असतं. ज्यांनी चूक दाखवली त्यांना भूगोल अर्धाच येत होता. नियम शिकवावा तो असा, असं मला वाटतं.

शाईदौत

घाटमाथा, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवते, आवडेल तिला. तरी माझा आक्षेप उरतोच. तिचा नकाशा चांगला ठरायला साष्टी सापडावी लागली. सापडली नसती तर? जगात कुठेच तशी नदी नसती तर त्या लाटा आणि ती अक्षरं कमी सुंदर झाली असती का?

पिक्सेलवाडी

राजधानी हलवतोय, समोच्चरेषा. पण एक सुचवू का? नियम फक्त हद्दीपुरता ठेवू. नदी कुणाच्या प्रदेशातून कुठे बाहेर पडते ती जागा आणि तिथली उंची दोघांनी मिळून लिहायची. पुढच्याने त्या उंचीवरून खाली यायचं. आत कुणी काय करायचं ते त्याचं त्याने बघावं.

समोच्चरेषा

हद्दीवर जागा आणि उंची, मान्य. पण पावसाचं काय? शाईदौतांनी त्यांच्या पश्चिमेच्या डोंगरांवर पाऊस पाडलाच नाही तर माझ्या बाजूच्या नद्या आटतील. निदान वाऱ्याची दिशा तरी सगळ्या खंडाला एकच हवी. यावर मी मागे हटणार नाही.

शाईदौत

वारा नैर्ऋत्येकडून, चालेल. उंचीचा आकडाही देते. पण माझ्या डोंगरावरच्या सरोवरातून तीन नद्या निघणार, आणि त्या का निघतात याचं कारण मी लिहून देणार नाही. त्यातली एक पूर्वेला तुमच्या हद्दीत १४० मीटरवर उतरते. बारमाही आहे. घेताय का, ते तेवढं सांगा.