विषय: ७ डिसेंबरचा निधी कुठे पाठवायचा

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी, आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाचा दिवाळीचा हिशोब लागला आणि यंदा बऱ्यापैकी पैसे शिल्लक आहेत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे तर आपल्या जवानांसाठी पाठवावेत असं कमिटीत चाललंय, 'भारत के वीर'ला देऊया का? कोणाला स्वतःची भर घालायची असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: सातारकर ताई

दादा, विचार चांगलाय, पण पाठवायच्या आधी एक बघा, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भारत के वीर हे गृह मंत्रालयाचं आहे, २०१७ ला सुरू झालं, ते पैसे सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या शहिदांच्या घरी जातात. तेही आपलेच आहेत, जरूर द्या, पण ते लष्कर नाही. लष्कर, नौदल, हवाई दलासाठी संरक्षण मंत्रालयाची 'माँ भारती के सपूत' ही वेबसाईट आहे २०२२ पासून, आणि ती लढाईत किंवा मोहिमेत गेलेल्या-जखमी झालेल्यांसाठी. ध्वजदिनाचा निधी आणखी वेगळा, तो केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो, त्यातून माजी सैनिक, वीरपत्नी, मुलांची शिक्षणं असं बघतात.

आता मला मनातलं सांगायचंय. माझा मधला भाऊ लढाईत नाही पडला. रसदीची गाडी घाटात घसरली, मणका गेला, छातीखालचं काहीच हलेना, वय २६. फौजेच्या कागदावर याला बॅटल कॅज्युअल्टी नाही, फिजिकल कॅज्युअल्टी म्हणतात, आणि त्या एका शब्दाने पुढची मदत, पेन्शन सगळं बदलतं. आबा एका ऑफिसात तीन वर्षं खेटे घालत होते, अपघात ड्युटीवर असताना झाला एवढं एक वाक्य फायलीत नीट लिहून मिळावं म्हणून. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, स्मारक आहे, लोक नमस्कार करतात आणि करायलाच हवा, पण जो जिवंत घरी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं खाटेवर असतो त्याच्याकडे कोण जातं?

भाऊ काही वर्षं खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला होता. १९७४ पासून आहे ते, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीच. तिथे मी पहिल्यांदा बघितलं की अशा माणसाचं खरं दुखणं मणक्याच्याही पुढचं असतं. कातडीला जाणीव नाही त्यामुळे पँटची शिवण जरी रुतली तरी कळत नाही आणि दोन दिवसांत जखम, ती हाडापर्यंत जाते, मग महिनोन् महिने पालथं पडून राहायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कॅथेटर असतो म्हणून लघवीचं इन्फेक्शन सारखं. घरी आल्यावर आई अलार्म लावून उठायची, अकरा वर्षं. व्हीलचेअरचे फोटो सगळे काढतात पण खुर्चीवरची गादी दबली की बदलावी लागते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, रक्कम कमी असली तरी चालेल पण या खडकीच्या सेंटरला तीन वर्षं सलग देऊया, आणि काय हवंय ते त्यांनाच विचारूया. ब्लँकेटं आणि फळं नकोत, १५ ऑगस्ट-२६ जानेवारीला ती भरपूर येतात.

प्रेषक: नवीन सभासद

ताई, वाचून गलबललं. पण पेन्शन मिळते ना त्यांना? सेंटर तर सरकारीच असेल?

प्रेषक: सातारकर ताई

मिळते रे, अपंगत्वाची पेन्शन असते, आणि सतत माणूस लागतो म्हणून वेगळा भत्ताही असतो. पण सेंटर लष्कराच्या मदतीबरोबर देणग्यांवरही चालतं. आणि पैसा हा एक भाग झाला, तिथली मुलं व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात, कोणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं, त्याला प्रशिक्षक लागतात, सामान लागतं. आपले मुरलीकांत पेटकर बघ ना, सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ ला.

प्रेषक: खजिनदार

ताईंच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त व्यवहाराचं सांगतो, मंडळ इथे परदेशात रजिस्टर आहे म्हणून मंडळाचा चेक भारतात परकीय देणगी धरला जातो, घेणाऱ्याकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या खात्यातच उतरतात. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर तो नियम लागत नाही, ओसीआयवाल्यांना, म्हणजे मूळचे भारतीय पण आता परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, मात्र लागतो. म्हणून आधी खडकीला पत्र टाकून विचारतो, तोवर चेक काढत नाही.

प्रेषक: सातारकर ताई

काका, पत्रात गाद्यांचं नक्की विचारा, कुठल्या मापाच्या आणि वर्षाला किती लागतात ते. मी फेब्रुवारीत पुण्यात आहे, भावाला घेऊन जाणारच आहे तिथे, कोणाला यायचं असेल तर सांगा. दुपारी चारनंतर जाऊ, तेव्हा सगळे बाहेर मैदानात असतात.