घास अडकला आणि आवाजच आला नाही. पाठीवर मारलं ते चुकलं का?

मालव्याची सून (इंदूर)

परवाची गोष्ट, पण लिहिताना अजून हात कापतोय. आम्ही राजेंद्र नगरात राहतो. सासरे, आमचे अण्णा, ७६ वर्षांचे, खालीवर दोन्ही कवळ्या. रविवारी संध्याकाळी गराडू केले होते. इकडच्या नसलेल्यांसाठी सांगते, गराडू म्हणजे माळव्यात थंडीत येणारा कंद. तुकडे तळून वर मसाला नि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ आणि चिकट. अण्णांचे तुकडे मी नेहमी बारीक करते. त्या दिवशी मुलांची घाई चालली होती, बशी तशीच त्यांच्यापुढे ठेवली.

मी ओट्याशी होते, त्यांच्यापासून चार पावलांवर. मला काहीही ऐकू आलं नाही. ठसका नाही, खोकला नाही, भांडं पडल्याचाही आवाज नाही. मुलगी म्हणाली, "आई, आजोबा बोलत का नाहीत?" म्हणून वळले. अण्णांचा एक हात गळ्याशी, दुसऱ्यानं टेबलाची कड घट्ट धरलेली. तोंड उघडं, ओठ हलत होते आणि आवाज अजिबात नाही. सासूबाई "वर बघा, वर बघा" म्हणत टाळूवर थोपटत होत्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. घरात कुणालाही ठसका लागला की आपण हेच करतो ना!

मला कुणी काही शिकवलेलं नाही. त्यांना टेबलावर पुढे वाकवलं, डावा हात छातीखाली घातला आणि उजव्या तळव्यानं पाठीत मारलं. चौथ्या फटक्याला सुपारीएवढा तुकडा मेणकापडावर पडला. मग जो खोकला आला, तो ऐकून मी खाली बसले ती उठलेच नाही.

आता शेजारचे काका म्हणतात, पाठीवर मारणं धोक्याचं, पोट दाबायला हवं होतं. मी पाच फुटांची, अण्णा ऐंशी किलोचे. मला जमलं असतं का? पाणी द्यावं की नाही? त्यांना तेव्हापासून बारीक खोकला आहे, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की "मला काही झालेलं नाही". आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते जेवत नाहीत. दोन दिवस दूध आणि वरणाचं पाणी, ताट पुढे केलं की सरकवतात.

भूलवाला (ग्वाल्हेर)

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, श्वासमार्ग मोकळा ठेवणं हे माझं रोजचं काम. तुम्ही बरोबर केलंत. पुढे वाकवलंत हे तर फारच बरोबर. वर बघायला लावलं की सैल झालेला तुकडा परत आतच घसरू शकतो. वाकवला की बाहेर पडायला वाट मिळते.

आवाज आला नाही, याचं कारण सरळ आहे. आवाजाला हवा लागते आणि खोकायलाही हवाच लागते. ज्याला खोकता येतंय, बोलता येतंय, त्याला जोरात खोकू द्यावं, मध्ये पडू नये. आवाज बंद झाला की मात्र थांबायचं नाही. दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेनं पाच जोरदार फटके, प्रत्येकानंतर सुटलं का बघायचं. नाही सुटलं तर मागे उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवायची, दुसऱ्या हातानं ती धरायची आणि आत-वर असे पाच झटके. मग पुन्हा पाठ, पुन्हा पोट. पाणी नाही. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोटही नाही, तो आणखी खोल जातो.

काकांचं म्हणणं कुठून आलं असेल ते सांगतो. पोटाचे झटके १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. हेन्री हाइमलिख यांनी मांडले आणि पाठीवर मारायला त्यांचा कडाडून विरोध होता. आज मात्र दोन्ही आलटून पालटून करायला शिकवतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनाही पाठीपासूनच सुरुवात करायला सांगतात. आणि जमलं असतं का म्हणाल, तर खुद्द हाइमलिख यांनी २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते राहत होते त्या वृद्धनिवासात ८७ वर्षांच्या बाईंचा घास असाच काढला. माणूस खुर्चीत असेल तर खुर्चीमागे गुडघ्यावर बसूनही झटके देता येतात.

शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवं करायचं, १०८ लावायचा आणि छातीच्या मध्यावर दाब सुरू, मिनिटाला १०० ते १२०. श्वास थांबल्यावर मेंदूकडे फार थोडी मिनिटं असतात.

खोकल्याचं मात्र मनावर घ्या. बारीक कण बहुतेकदा उजव्या फुप्फुसात जातो, कारण तिकडची नळी जास्त रुंद आणि सरळ उतरती असते. ताप, धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज, यांची वाट न बघता उद्याच तपासून घ्या. पोटाला झटके दिले असते तर काही त्रास नसतानाही दाखवायला हवंच होतं.

मांडवीजवळची (वडोदरा)

माझ्या आईला पक्षाघातानंतर चहानंसुद्धा ठसका लागायचा. आम्ही ते वय समजून सोडून दिलं आणि तिला न्यूमोनिया झाला. तेव्हा कळलं की बोलणं शिकवणारे थेरपिस्ट गिळणंही तपासतात. आईला ताठ बसून, हनुवटी जरा खाली घेऊन गिळायला सांगितलं, जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, जेवताना टीव्ही बंद. अण्णांना ठसका आधीही लागत होता का, ते आठवून बघा. आणि जेवायचा आग्रह नको, त्यांना मनातून भीती बसलीय.

एकटाच (इंदूर, टिळक नगर)

घरी दुसरं कुणी नसेल तर?

भूलवाला (ग्वाल्हेर)

आधी १०८ लावा, बोलता आलं नाही तरी फोन चालू ठेवा. मग स्वतःची मूठ, किंवा खुर्चीच्या पाठीवर पोट टेकवून जोरात झुकायचं. आणि घरी नातवंडं येत असतील तर लक्षात ठेवा, वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधी दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच. मग उताणं करून छातीवर पाच.

मालव्याची सून (इंदूर)

आज अण्णांना घेऊन गेले. छाती साफ आहे, एक्स-रे पण काढला, चार दिवसांनी परत बोलावलंय. खालची कवळी सैल झालीय, नवीन करायला टाकली. वरची कवळी घातली की टाळू झाकला जातो, घास केवढा आहे ते नीट कळत नाही, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठसक्याचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, दिवाळीपासून लागतोय, पाणी पितानासुद्धा. कुणी बोललंच नव्हतं. गिळण्याच्या तपासणीची वेळ शुक्रवारची मिळालीय.

मूठ कुठे ठेवायची ते आमच्या यांच्या पोटावर नुसती ठेवून पाहिली, दाबली नाही. सासूबाईंनीही पाहिली.

रात्री अण्णांनी अर्धी पोळी खाल्ली, वरणात कुस्करून. टीव्ही बंद होता, मी समोर बसले होते.