फक्त लिनक्सवर दिसणारी चूक लिनक्सची असते का?

कृष्णाकाठ, सांगली:
मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही हळदीच्या सौद्यांचं बिलिंग बनवतो, पायथन आणि क्यूटीमध्ये (क्यूटी म्हणजे ॲपच्या खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी). १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशिनांवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून काही दुकानदार लिनक्सवर आले. तेव्हापासून ऑफिसात एकच वाद चाललाय. लिनक्सवर काही बिघडलं की कोडमध्ये 'लिनक्स असेल तर' अशी अट घालायची आणि पुढं जायचं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. माझा याला ठाम विरोध आहे. चूक बहुतेक वेळा आपलीच असते, विंडोज ती खपवून घेतं. आयकॉन दिसेनात, कारण फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला तो फरक चालतो, लिनक्सला नाही. पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या, खिडकीत त्याचं नाव कापलं जायचं, कारण रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकलेली. तिकडे निर्मला फॉन्ट, इकडे नोटो, अक्षरांची रुंदी सारखी कशी येईल? अट घालून रकाना वाढवला, तरी उद्या एखादं लांबलचक नाव विंडोजवरही कापलं जाणारच. क्यूटीचे लेआउट वापरा, म्हणजे रुंदी मजकुराप्रमाणे ठरते, विषय संपला.

हळदपेठ:
विषय संपत नाही. मी अशाच दुकानांना सपोर्ट देतो. सौदे चालू असतात, शेतकरी पट्टीसाठी काउंटरला उभा असतो. त्या वेळी लेआउट बदलायला घेतला, तर चांगली चाललेली विंडोजची दुकानंही बिघडू शकतात. अट घातली की बदल एकाच ठिकाणी राहतो. शिवाय काही फरक खरेच असतात. वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीत, ॲपला स्वतःची खिडकी हव्या त्या जागी नेऊन ठेवता येत नाही. तिथं मूळ शोधून काय करणार?

अजिंक्यतारा, सातारा:
वेलँडचं पटलं, बाकीचं नाही. आमचं ॲप लिनक्सवर मधूनच कोसळायचं. बॅकग्राउंड थ्रेड, म्हणजे ॲपमध्ये मागे समांतर चालणारं काम, थेट खिडकीतलं लेबल बदलत होता. क्यूटीचे विजेट (लेबल, बटणं वगैरे) मुख्य थ्रेडमधूनच हाताळायचे असतात, हा तिचा स्पष्ट नियम. विंडोजवर ते नशिबानं निभावत होतं. अट घालून फक्त लिनक्सपुरता थ्रेड काढला असता, तर विंडोजवाल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिलीच असती. आता तो मुख्य थ्रेडला सिग्नल पाठवतो, लेबल तिथं बदलतं, दोन्हीकडे शांत.

हळदपेठ:
थ्रेडचं मान्य. पण एक्ससीबी प्लगिन (लिनक्सच्या जुन्या एक्स११ पद्धतीत खिडकी दाखवणारा क्यूटीचा भाग) लोड होत नाही म्हणून ॲप उघडतच नाही, तेव्हा? क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर लायब्ररी लागते, ती मशिनवर नव्हती. यात आपल्या कोडची काय चूक?

कृष्णाकाठ, सांगली:
कोडची नाही, पॅकेजिंगची. आणि हे कळलं कसं? क्यूटीचं डीबग प्लगिन्स (QT_DEBUG_PLUGINS) हे प्लगिन कुठं अडलं ते सांगणारं व्हेरिएबल १ करून लॉग वाचल्यावरच ना? मी तेच म्हणतोय, आधी कारण. सौद्याच्या दिवशी अट घाला, माझी हरकत नाही. पण कारण लिहिल्याशिवाय ती पुढच्या रिलीजमध्ये जाता कामा नये.

हळदपेठ:
मग तो रिलीज हंगामाच्या आधी द्या, ऐन सौद्यांत नको. आणि टेस्टिंग दुकानातल्या जुन्या मशिनवर करा, तुमच्या नव्या लॅपटॉपवर नाही.