पावडर कोटिंगखाली ॲल्युमिनियमवर केसासारख्या रेघा: दोष पावडरचा की आधीच्या धुलाईचा?

खिडकी_रत्नागिरी:
समुद्राजवळच्या बंगल्यात ६०६३-टी५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सेक्शनच्या (पट्ट्यांच्या) सरकत्या खिडक्या आहेत. पॉलिएस्टर पावडर, थर ७० ते ८० मायक्रॉन. एका पावसाळ्यात ४५ अंशातल्या कोपऱ्यांपासून आणि पाणी जायच्या भोकांपासून कोटिंगखाली वळणदार बारीक रेघा निघाल्या. नखाने खरवडलं की पापुद्रा सुटतो, खाली पांढरी भुकटी. कोटरकडे (पावडर कोटिंग करणाऱ्याकडे) सेव्हन टँक लाइन, म्हणजे कोटिंगआधी माल धुवायच्या सात टाक्यांची रांग आहे. लोखंडी कपाटं आणि हे सेक्शन एकाच लाइनमधून जातात. तो म्हणतो, पावडर बदलू, थर १२० करू. फरक पडेल?

पृष्ठभाग:
नाही पडणार. हा फिलिफॉर्म, म्हणजे धाग्यासारखा पसरणारा गंज आहे. कापलेल्या उघड्या कडेवर मीठ बसतं, दमट हवेत रेघेचं टोक आम्लधर्मी होतं आणि धातू खात पुढे सरकतं. हे सगळं धातू आणि पावडरच्या मधल्या सांध्यात घडतं. वर ८० मायक्रॉन आहेत की १२०, त्याला काही घेणंदेणं नाही.

सेव्हन टँक ही सीआरसीए (थंड लाटलेल्या लोखंडी) पत्र्याची लाइन. तिथला डिरस्टिंगचा (गंज काढायचा) टँक हायड्रोक्लोरिक आम्लाचा असेल तर ॲल्युमिनियमवर बारीक खड्डे पडतात आणि त्यांत क्लोराइड अडकून राहतं, म्हणजे गंजाचं बी कोटरनेच पेरलं. पुढे झिंक फॉस्फेटचा, पावडर धरून ठेवणारा थर: बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) मोकळं फ्लोराइड नसेल तर ॲल्युमिनियमचा ऑक्साइड सुटत नाही, त्यामुळे स्फटिकांचा सलग थर बसतच नाही. शिवाय विरघळलेलं ॲल्युमिनियम तोच बाथ बिघडवतं, त्यामुळे कपाटांचं फॉस्फेटिंगही हळूहळू खराब होतं.

ॲल्युमिनियमचा क्रम वेगळा: डिग्रीझिंग (तेलकटपणा काढणं), धुणं, एचिंग (रसायनाने धातूचा वरचा थर उतरवणं), धुणं, डीस्मट (एचिंगनंतरची काजळी काढणं), धुणं, कन्व्हर्जन कोटिंग (पावडर धरून ठेवणारा क्रोमेट किंवा क्रोम-फ्री रासायनिक थर), धुणं आणि शेवटी डीएम (क्षार काढलेलं) पाणी. सगळ्यात जास्त चालढकल होते ती एचिंगमध्ये. क्वालिकोट या ॲल्युमिनियम कोटिंगच्या दर्जा-प्रमाणपत्राच्या नियमांत साधारण कामाला किमान १ ग्रॅम प्रति चौ.मी. धातू उतरायला हवा, समुद्रकाठच्या दर्जाला २ ग्रॅम. २ ग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण मायक्रॉन, पण तेवढ्यात जुना ऑक्साइड आणि घासकामाने चुरगळलेला वरचा थर निघून जातो. हा थर राहिला की रेघा त्यातूनच धावतात. कॉस्टिकने एच केल्यावर जी काळपट स्मट राहते, ती नायट्रिक आम्लाने काढावीच लागते. डीस्मटनंतर पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं काळं झालं तर पुढचा थर काजळीवर बसणार.

खिडकी_रत्नागिरी:
क्रोमेटला कोटर तयार नाही, सांडपाण्याची अडचण सांगतो. क्रोम-फ्री चालेल का?

टँक_आणि_टायट्रेशन:
त्याचं म्हणणं रास्त आहे. हेक्साव्हॅलंट क्रोम कर्करोगकारक, आणि सांडपाण्यातल्या त्या क्रोमचं पीएच २-३ ला मेटाबायसल्फाइटने क्षपण करून (कमी घातक रूपात आणून) मग ते चुन्याने तळाशी बसवावं लागतं. नियमित जमत नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

टायटॅनियम-झिर्कोनियमचं क्रोम-फ्री चांगलं चालतं, पण ते चूक पोटात घालत नाही. पिवळ्या क्रोमेटचा थर ०.६ ते १.२ ग्रॅम प्रति चौ.मी. असतो आणि रंगावरून अंदाज येतो. क्रोम-फ्रीचा थर मिलिग्रॅममध्ये, बहुतेकदा डोळ्याला दिसतही नाही. बाथ संपत आला तरी माल तसाच दिसतो. म्हणून पीएच आणि तीव्रता प्रत्येक पाळीत तपासायलाच हवी, आणि बाथ बोअरच्या पाण्यात बनवू नका. त्या पाण्यातलं कॅल्शियम बाथमधल्या फ्लोराइडला धरून खाली बसतं. शेवटच्या धुण्यानंतर सेक्शनवरून ठिबकणाऱ्या पाण्याची वाहकता (त्यातले क्षार दाखवणारं माप) ३० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या आत हवी. टँकमधलं नव्हे, ठिबकणारं पाणी मोजा. पोकळ सेक्शन आतून क्षार ओढून आणतो. धुतलेला माल १६ तासांच्या आत कोट व्हावा, आणि लोखंडाच्या ग्राइंडिंगशेजारी तर अजिबात ठेवू नये.

पृष्ठभाग यांनी एचिंगवर जोर दिलाय तो बरोबर आहे, पण माझ्या मते लहान कोटरकडे आधी पाणीच बिघडलेलं असतं. वाहकता-मीटर स्वस्त आहे, तिथून सुरुवात करा.

मोजून_घ्या:
माल घेताना दोन गोष्टी मागा. १०० × १०० मिमीची कोरी ६०६३ पट्टी एचिंगच्या आधी आणि डीस्मट करून वाळवल्यावर वजन करायची. दोन्ही बाजू मिळून ०.०२ चौ.मी., म्हणजे २ ग्रॅमच्या हिशेबाने ४० मिलिग्रॅम घट दिसली पाहिजे. साध्या काट्यावर हे कळत नाही, मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. दुसरं, कोट केलेला तुकडा दोन तास उकळत्या डीएम पाण्यात ठेवा, थंड झाल्यावर २ मिमी अंतराने क्रॉसकट (आडव्या-उभ्या चिरा) मारून वर चिकटवलेली टेप ओढा. फोड आले किंवा चौकट सुटली तर लॉट परत.

बसवलेल्या खिडक्यांवर नुसता रंग मारू नका, रेघा खालून चालूच राहतील. कोटिंग पूर्ण उतरवून नव्याने एचिंगपासून सुरुवात करणं हाच उपाय. नव्या ऑर्डरला कटिंग आणि भोकं कोटिंगच्या आधी करून घ्या. साइटवर कापावंच लागलं तर कोपरा जोडण्यापूर्वी कडेला सीलंट लावा.