थिओडोर रूझवेल्टचं पाखरूवेड: कौतुक किती करायचं?

पाणकोंबडा:
न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बाजारात मेलेला सील मांडलेला दिसला, तेव्हा रूझवेल्ट सात-आठ वर्षांचा होता. रोज जाऊन त्याची मापं घ्यायचा. शेवटी कवटी मिळवलीच आणि चुलत भावांना घेऊन घरातच 'रूझवेल्ट निसर्ग-संग्रहालय' थाटलं. दम्याने बेजार पोरगं, पण नवव्या वर्षी कीटकांवर अख्खी वही लिहून काढली. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असताना (१९०१-०९) त्याने सुमारे २३ कोटी एकर जमीन निसर्गासाठी राखली. बायकांच्या टोप्यांसाठी पिसं हवीत म्हणून पक्षी मारले जात होते, तेव्हा १९०३ मध्ये फ्लोरिडातल्या पेलिकन बेटावर शिकार बंद केली. माझ्या मते हा माणूस त्या कवटीपाशीच घडला.

तिरकस:
बाप गडगंज, हे राहिलं की! न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची सनद १८६९ मध्ये त्यांच्याच दिवाणखान्यात मंजूर झाली. पोराला बंदूक मिळाली, चष्मा मिळाला, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायला शिकवणारा उस्ताद मिळाला. मग नाईलच्या सफरीत पक्षी टिपत सुटला. याला निसर्गप्रेम म्हणायचं?

शेवंता:
तेव्हा पक्षी हातात घेतल्याशिवाय खात्रीने ओळख पटायची नाही हो. आपले पक्षितज्ज्ञ सालिम अलीसुद्धा लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊनच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दारात गेले होते.

तिरकस:
पोराचं सोडा. १९०९ मध्ये पन्नाशीतला माजी राष्ट्राध्यक्ष आफ्रिकेत गेला, आणि त्याने नि मुलाने मिळून ५०० वर मोठी जनावरं मारली. संग्रहालयासाठी म्हणे!

गाळीव_रत्न:
तुम्ही बंदुकीतच अडकलात. हा हार्वर्डला गेला तो निसर्गशास्त्रज्ञ व्हायला. तिथे सगळा भर प्रयोगशाळेवर आणि सूक्ष्मदर्शकावर, रानातल्या निरीक्षणाला किंमत नाही, म्हणून मन उडालं. नाहीतर राजकारणात आलाही नसता.

माझा आक्षेप वेगळाच आहे. राखलेली जमीन होती कुणाची? १९०६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ताओस प्वेब्लो या मूलनिवासी लोकांचं पवित्र तळं, ब्लू लेक, सरकारी जंगलात घातलं. परत मिळायला १९७० साल उजाडलं. हे त्या २३ कोटींच्या आकड्यात दिसत नाही.

पाणकोंबडा:
ब्लू लेकचं मान्य, अन्यायच तो. पण १९०८ मध्ये त्याने ग्रँड कॅन्यनची दरी राष्ट्रीय स्मारक जाहीर केली, तेव्हा खाणवाले तिथे दावे ठोकून बसलेच होते. तेही धरा की हिशेबात.