मदत हवी आहे: चाल उचलल्याचा दावा मुंबईत करावा, लंडनमध्ये की अमेरिकेत?

कोमल_निषाद:
एका स्वतंत्र संगीतकाराच्या मराठी गाण्याचा मुखडा, म्हणजे केहरव्याची (आठ मात्रांचा ताल) चार आवर्तनं, लंडनमध्ये बनलेल्या एका जाहिरातीत जवळपास जशीच्या तशी ऐकू येतात. चाल भीमपलास रागावर आहे. गाणं २०२१ साली यूट्यूबवर आलं, जाहिरात सहा महिन्यांपूर्वी. ती भारतात आणि अमेरिकेतही दिसते. गाण्याची कॉपीराइट नोंदणी नाही. नोटीस पाठवण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: तिन्ही देशांतली न्यायालयं सारखेपणा कसा ठरवतात, आणि तयारी काय करायची?

समेवर:
आधी त्या चालीत संगीतकाराचं स्वतःचं काय आहे ते वेगळं काढा. भीमपलासच्या आरोहात रे आणि ध नसतात, त्यामुळे 'नि सा ग म प' ही चढण दोन्हीकडे आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ती रागाची आहे.

दोन्ही चाली एकाच षड्जावर (सा वर) आणा. ३२ मात्रांचे ३२ रकाने आखा, वर मूळ चाल, खाली जाहिरातीची. जुळणारे रकाने रंगवा आणि मग त्यातल्या रागाच्या ठरलेल्या स्वरसंगती खोडा. मागे जे उरेल त्यावर दावा उभा राहतो: उठाव (सुरुवात) कितव्या मात्रेवरून, कुठला स्वर लांबवला, न्यास (चालीचा थांबा) कुठे. लंडनच्या वकिलासाठी हेच स्टाफ नोटेशनमध्येही (पाश्चात्य स्वरलिपीत) लागेल.

'अमुक सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं' असा नियम कुठेही नाही. राम संपत विरुद्ध राजेश रोशन या २००८ च्या प्रकरणात जाहिरातीच्या एका छोट्या जिंगलवरून मुंबई उच्च न्यायालयाने मनाई (वापर थांबवण्याचा हुकूम) दिली होती. लांबीपेक्षा तो तुकडा चालीचा गाभा आहे का आणि साधारण श्रोत्याला काय वाटेल, हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

पण रचना कुणाची हे दाखवता आलं नाही तर पुढचं सगळं कोसळतं. ए. आर. रहमान यांचं चित्रपटगीत 'वीरा राजा वीरा' आणि ध्रुपद गायक डागर बंधूंची 'शिवस्तुती' यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं, की अडाणा रागावर मालकी नसली तरी त्यातल्या विशिष्ट बंदिशीवर असू शकते, आणि रहमान व चित्रपटाच्या निर्मात्यांना २ कोटी रुपये जमा करायला सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो अंतरिम आदेश रद्द केला. एखाद्याने बंदिश गायली म्हणजे ती त्यानेच रचली, असं धरता येत नाही. म्हणून पहिली गुणगुणलेली ध्वनिफीत, ध्वनिमुद्रणाची प्रोजेक्ट फाइल, अरेंजरशी (वाद्यसंयोजकाशी) झालेले मेसेज, सगळं तारखांसकट गोळा करा.

दस्तऐवज:
इंग्लंडचं सांगते. तिथे ज्यूरी (सामान्य नागरिकांचं पंचमंडळ) नसते. एकटे न्यायाधीश आधी विचारतात, की प्रतिवादीने मूळ गाणं ऐकलं होतं का? योगायोगाने चाल जुळली तर तो भंग नव्हे. नकळत केलेली नक्कल मात्र भंग ठरू शकते. एड शीरनच्या 'शेप ऑफ यू' प्रकरणात २०२२ साली दावेदार इथेच हरले. त्यांचं गाणं शीरनपर्यंत पोचल्याचं सिद्ध झालं नाही आणि वादातला तुकडा पेंटॅटॉनिक (पाच स्वरांच्या) मांडणीतला, फार सामान्य निघाला. हरलेल्या बाजूवर ९ लाख पौंडांहून अधिक खर्च बसला. हा दावाही शीरनच्या बाजूने आधी दाखल केला होता, 'आम्ही नक्कल केली नाही असं जाहीर करा' म्हणून. कच्च्या तयारीची नोटीस पाठवली की समोरचा हाच मार्ग धरू शकतो.

छोट्या दाव्यासाठी तिथे इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी एंटरप्राइझ कोर्ट आहे. भरपाईची कमाल मर्यादा ५ लाख पौंड, आणि भंग ठरवण्याच्या टप्प्यात हरणाऱ्याकडून वसूल होणारा खर्च साधारणपणे ६०,००० पौंडांपर्यंत.

समेवर:
अमेरिकेत ज्यूरी असते आणि निकाल खालीवर होतात. केटी पेरीच्या 'डार्क हॉर्स'मध्ये आठ स्वरांच्या आवर्ती तुकड्यावर ज्यूरीने २०१९ मध्ये जवळपास २८ लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी २०२० मध्ये तो निकाल फिरवला आणि २०२२ मध्ये अपिलात हा बदल कायम राहिला.

परदेशी कृतीला तिथे दाव्यापूर्वी नोंदणीची सक्ती नाही. पण इंटरनेटवर एकाच वेळी जगभर आलेली कृती परदेशी मानायची का, यावर तिथल्या न्यायालयांचं एकमत नाही. शिवाय भंग सुरू झाल्यानंतर नोंदणी केली तर ७५० ते १,५०,००० डॉलरची वैधानिक भरपाई (नुकसान सिद्ध न करता मिळणारी) आणि वकिलाची फी मिळत नाही. प्रत्यक्ष नुकसान किंवा समोरच्याचा नफा सिद्ध करावा लागतो, तोही अमेरिकेतल्या वापरापुरता. या प्रकरणात मी अमेरिकेत जाणार नाही.

कोमल_निषाद:
दोघांचेही आभार. म्युझिक कंपनीशी एक पानाचा करार आहे. त्यात 'सर्व हक्क' लिहिलंय, पण प्रदेश आणि मुदत नाही. मग दावा कोण करणार?

दस्तऐवज:
हे आधी सांगायला हवं होतं, यावर सगळं फिरतं! आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे इंग्लंडमधले हक्क बहुधा संगीतकाराकडेच आहेत, आणि भारतातले ५ वर्षांपर्यंत कंपनीकडे. कराराची तारीख बघा. ५ वर्षं उलटली नसतील तर भारतातल्या दाव्यात कंपनीला सोबत घ्या.

भारतात दावा करायला नोंदणी लागत नाही, तरी करून ठेवा. संगीतकृतीची फी ५०० रुपये आहे. कलम ६२ मुळे वादी राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येतो. तातडीची मनाई मागणार नसाल तर व्यावसायिक न्यायालयात आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सहा महिने गेलेत, आणखी थांबलात तर 'इतकी घाई होती तर आधी का नाही आलात' हा प्रश्न येईल.

आजच जाहिरात डाउनलोड करून ठेवा, सोबत दुवा, तारीख, वेळ आणि फाइलची हॅश संख्या (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यावरच बनतं. यूट्यूबला ती काढायला त्यानंतरच सांगा. एकदा व्हिडिओ तिथून काढला गेला, की किती लोकांनी पाहिला हा आकडाही तुमच्या हातून जातो.